फोन लावणारा आणि फोन उचलणारा

अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या प्रयोगशाळेत मी यंत्रांची देखभाल करायचे. आमच्या मॅडमनी वीसेक वर्षं जमवलेले जिवाणू तिथल्या डीप फ्रीझरमध्ये होते. उल्हासनगरात जीन्स धुण्याच्या कारखान्यांमागचे नाले त्यांनी नाकाला ओढणी बांधून पालथे घातले होते. पाण्यातला निळा रंग खाऊन टाकणारे हे जिवाणू.

फ्रीझरवर नजर ठेवायला एक जुनं यंत्र होतं, त्याला डायल-अप मॉडेम जोडलेला. आत गरम व्हायला लागलं की यंत्र लँडलाइनवरून आमच्या मोबाइलवर फोन लावायचं. आणि आपण फोन केला तर उचलून ठोकळेबाज आवाजात तापमान सांगायचं. तो मॉडेम एक दिवस मेला. नव्या यंत्राची मंजुरी कुठेतरी अडकलेली. म्हणून मी उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये जुनं इलेक्ट्रॉनिक सामान विकणाऱ्या एका म्हाताऱ्या सिंधी काकांकडे गेले. त्यांच्याकडे दोन निघाले, एक काळा, एक पांढरा.

"बेटी, दोनों में थोड़ी-थोड़ी खराबी है," ते आधीच म्हणाले.

प्रयोगशाळेत मी दोन्ही आळीपाळीने लावून पाहिले. काळा दहाच्या दहा वेळा फोन लावायचा, पण आलेला फोन एकदाही उचलेना. पांढरा दुसऱ्या रिंगलाच उचलायचा, पण स्वतः फोन लावायची वेळ आली की नुसता दिवे लुकलुकवत बसायचा. आणि यंत्राला जागा एकाचीच.

"काळा लाव," मॅडम म्हणाल्या. "त्याने आपणहून कळवलेलं बरं."

"पण लाइनच बंद पडली तर मॅडम? तो गप्प बसेल आणि आपल्याला वाटेल सगळं ठीक आहे. पांढऱ्याला आपण फोन करू. नाही उचलला, तर लगेच समजेल."

"मग सुट्टीच्या दिवशीही तू फोन करत बसणार का?"

घरी बदलापूरला सासूबाई अंथरुणावर होत्या. त्यांचं सगळं मलाच करावं लागे. मी 'हो' म्हणू शकले नाही. काळाच लावला.

मे महिन्यात शनिवार-रविवार जोडून सुट्टी आली. गटाराच्या खोदकामात रस्त्यावरची टेलिफोनची केबल तुटली आणि त्याच शनिवारी फ्रीझरचा कॉम्प्रेसर बंद पडला. मी मात्र दोन्ही दिवस मोबाइल उशाशी ठेवून निर्धास्त होते. सोमवारी दार उघडलं तर आत कोमट, आंबूस वास. यंत्र शनिवारपासून फोन लावतच होतं.

मॅडमनी बाह्या सरसावून जिवाणूंची एकेक नळी वाचवायला घेतली. पुष्कळ जिवाणू परत वाढलेसुद्धा. पण निळ्या पाण्यात सोडल्यावर ते नुसते जगत होते, रंग खात नव्हते. पुन्हा जमवावेत तर ते कारखाने केव्हाच उठून गेलेले.

आठवडाभर त्या रोज सकाळी शेवटचे तीन फ्लास्क खिडकीशी नेऊन मला हाक मारायच्या.

"तू बघ गं. माझे डोळे आता चालत नाहीत. फिका झालाय का जरा?"

मी वाकून बघायचे. पाणी निळंशार होतं.

"उद्या परत बघू या, मॅडम," मी म्हणायचे.