देवाच्या हातातलं मुसळ

मंडळाच्या पोरांनी स्मरणिकेसाठी दंडारीच्या जुन्या आठवणी मागितल्या, तेव्हा मी चार पानं लिहून दिली. कोण कोण नाचायचं, ढोलकी कुठून आणली, असलं सगळं. ती पानं मी परत मागून घेतली आहेत. त्यांत एक जुनं खोटं मी पुन्हा शाबूत ठेवलं होतं. त्यांच्याऐवजी हे छापा.

जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला, त्यानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीची गोष्ट. आमचा शाहीर पलीकडच्या गावचा. घर न हलवता तो दुसऱ्या जिल्ह्याचा झाला, म्हणून आम्ही त्याला 'पाहुणे' म्हणायला लागलो होतो. दिवाळीनंतर आमच्या गावची मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि दुपारी देवळापुढच्या मैदानात दंडार होते, नाचगाण्याचं नाटक. मी तेव्हा एसटीत कंडक्टर होतो, लाखांदूरच्या गाडीवर. आवाज मोठा, शिवाय वडिलांच्या मागे श्रावणातली पोथी मीच वाचायचो, म्हणून दंडारीत देवाची कामं माझ्याकडे असत.

राणीची कामं माझ्या मित्राकडे. माझ्या धानाच्या बांधीला लागूनच त्याची बांधी. आम्ही सोबत शाळेत गेलो आणि सोबतच नापास झालो. चिखलात राहून त्याचे पाय फाटलेले, हात राठ, पण लुगडं नेसून उभा राहिला की पुढे बसलेल्या बायका नकळत आपला पदर सारखा करायच्या.

त्या वर्षी पोथीतली एक कथा घ्यायची ठरली. देव गोसाव्याच्या वेशात राजाच्या दारी येतो आणि जेवायला त्याच्या एकुलत्या एक लेकराचं मांस मागतो. आईनेच ते रांधायचं, लेकराचं डोकं उखळात कांडायचं आणि डोळ्यांतून पाणी येऊ द्यायचं नाही. शेवटी देव प्रसन्न होतो आणि लेकरू जिवंत करून देतो. दर श्रावणात मी ही कथा वाचायचो, बायका डोळे पुसायच्या आणि आरती घेऊन घरी जायच्या. मलाही त्यात कधी काही खटकलं नव्हतं.

तालमीत मित्राने विचारलं, "देवाले हे मागाचं काहून पडलं बे?"

"परीक्षा होती."

"कोण पास होते थे देवाले आधीच माहीत नसते का?"

"तू दोनदा नापास झालेला माणूस, तुले परीक्षेचं काय समजते? तू कांड."

"तू बी माह्यासंगच होतास." तो हसला, पण सोडेना. "लेकरू परत देलं म्हणतेस. पण कांडलं तं त्या मायनंच ना. दुसऱ्या दिवशी थे पोरगं 'आई, भूक लागली' म्हणत येते, तवा तिच्या हाताले काय वाटत असन?"

मी पोथी वाचणारा माणूस. उत्तर येत नाही असं कसं म्हणणार? मी सांगितलं, "देवाच्या हुकमानं केलं का पाप लागत नाही." वडील असंच सांगायचे. त्यांनीही बहुतेक ते असंच कुठूनतरी उचललं असावं.

डोक्याच्या जागी कोहळं वापरायचं होतं. वहिनींनी, म्हणजे मित्राच्या बायकोने, परसातलं गोल पिवळं कोहळं दिलं. त्यावर काजळाने डोळे काढले आणि गालाला तीटही लावली.

"वहिनी, कोहळ्याले कोणाची नजर लागते?" मी म्हणालो.

"एवढ्या लोकायपुढं जाऊन राहिलं भाऊजी. लागू शकते."

मंडईच्या दिवशी मैदान भरलं होतं. मी भगवी कफनी घालून, तोंडाला राख फासून पाटावर बसलो. मित्राने फडक्यात गुंडाळलेलं कोहळं उखळात ठेवलं, फडकं बाजूला केलं आणि मुसळ उचललं. ते वरच राहिलं. तो खाली त्या काजळाच्या डोळ्यांकडे पाहत होता. ढोलकीवाल्याने तोच ठेका तीन-चारदा फिरवला.

मी माझं वाक्य म्हटलं. अतिथी उपाशी गेला तर तुमचं सत्त्व जाईल. तो हलला नाही. मी पुन्हा म्हटलं, या वेळी गाडीतल्या आवाजात.

त्याने मुसळ खाली ठेवलं आणि राणीच्या नव्हे, आपल्या स्वतःच्या आवाजात म्हणाला, "जात असन तं जाऊ द्या. महाराज, तुमी उपाशीच जा."

बायकांच्या बाजूने आधी हसू आलं, मग टाळ्या. "बरोबर बोलली माय," कोणीतरी म्हणालं.

मला उठून जाता आलं असतं. देव हरला, खेळ संपला, लोक घरी गेले असते. पण माझ्या अंगात राग चढला. सगळ्या गावासमोर देवाला नाही म्हणतो, आणि देव मी. मी पाटावरून उठलो, ते मुसळ घेतलं आणि स्वतः कांडलं. पहिल्याच घावात कोहळं फुटलं. मी आणखी दोन घातले. टाळ्या थांबल्या. पुढे बसलेली एक लहान मुलगी किंचाळून आईच्या कुशीत शिरली. जिवंत झालेलं लेकरू ठरल्याप्रमाणे मागून नाचत आलं, तेव्हा कोणी त्याच्याकडे पाहिलंही नाही. सगळे माझ्या हातांकडे पाहत होते.

खेळानंतर मंडळाची वडीलधारी माणसं भोवती जमली. हे काय केलंत तुम्ही दोघांनी? मी म्हणालो, "थो पेऊन आलता."

चार पावलांवर मित्र लुगडं सोडत होता. त्याने ऐकलं आणि लुगड्याची घडी घालत राहिला. त्याने जन्मात कधी दारूला हात लावला नव्हता.

पुढच्या वर्षी राणीचं काम दुसऱ्याला दिलं. त्यानंतर त्याच्या मोठ्या मुलीला पवनीकडचं स्थळ आलं आणि 'मुलीचा बाप पेते' असं ऐकून परत गेलं. मुलीचं पुढे चांगलं झालं. तिचा नवरा वरठीच्या कारखान्यात आहे, ती माहेरी आली की मला काका म्हणून पाया पडते. तिच्या डोक्यावर हात ठेवताना मला दर वेळी ते मुसळ आठवतं.

आणि तो? त्या मंडईनंतर आठव्या दिवशी तो विळा घेऊन माझ्या धानाच्या कापणीला आला होता. एवढी वर्षं आमचा चहा, तंबाखू, भांडणं सगळं चालू राहिलं, फक्त ही एक गोष्ट सोडून.

मागच्या आठवड्यात हे लिहून झालं तेव्हा आधी त्याला वाचून दाखवायला गेलो. तो खाटेवर बसला होता, वहिनी सुपात लाखोळीची डाळ निवडत होत्या. 'त्याने जन्मात कधी' ही ओळ आली. मी ती दोनदा वाचली.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पोरीचं स्थळ गेलं तवा तुह्या घरी येऊन तुले मारणार होतो. हिनं अडवलं." पुढे म्हणाला, "पण दारूपेक्षा मले थे दुसरं समजलं नाही. मुसळ काहून घेतलंस बे तू?"

"पोथीत तसं होतं म्हणून."

"पोथीत देवानं नाही कांडलं."

खरं आहे. पोथीतला देव पाटावर बसून मागतो, त्याचे हात कोरडे राहतात. ते मुसळ किती जड असतं हे त्याला कोणी धरायला दिलं नाही. मला त्या दिवशी कळलं, आणि ते ओझं मित्रावर टाकण्यासाठीच मी ते खोटं बोललो. आजही मी देवापुढे दिवा लावतो. श्रावणात तो अध्याय वाचतो, पण अर्थ सांगत नाही. कोणी विचारलं तर म्हणतो, हे मला समजलेलं नाही.

वहिनींनी सूप खाली ठेवलं. "त्या कोहळ्याच्या बिया मी येचून आणल्या होत्या भाऊजी. परसात लावल्या. दर सालचं कोहळं जाते ना तुमच्या घरी?"

"जाते."

"लागते ना गोड?"

"लागते," मी म्हणालो. मित्र खाटेवर हसायला लागला, खोकला येईपर्यंत हसला. मग म्हणाला, "लिहूनच राहिलास तं सारं बरोबर लिही. डोळे हिनं नाही, मी काढले होते."

"खोटं," वहिनी म्हणाल्या. "तुमी फक्त तीट लावली."

हे दोघांचंही छापा. बाकीचं माझं आहे.