घडी तिनं मोडायची

आक्का गेल्याचा निरोप आला तेव्हा मी एका बाईशी रंगावरून भांडत होते. साडी मोरपंखी होती, फोटोतही मोरपंखीच होती, आणि चार दिवस घरात ठेवून, बहुधा एखाद्या बारशाला नेसून, बाई मला सांगत होत्या की ही तर हिरवी निघाली. मी टाइप करत होते, खोडत होते, पुन्हा टाइप करत होते. मधेच आक्काच्या मुलाचा फोन आला, तो मी कापला. दुसऱ्यांदा आला तोही कापला. तिसऱ्यांदा उचलला तो चिडूनच... "आई गेली," एवढंच तो म्हणाला. दोन दिवस छातीत जळजळतंय म्हणून ती ओवा चावत बसली होती, आणि त्या सकाळी स्वतःच्या पायांनी जिना उतरून त्याच्याबरोबर दवाखान्यात गेली होती. मी फोन हातात धरून उभी राहिले, तर त्यावर त्या बाईंचा मेसेज आलाच, रिप्लाय द्या ताई. त्याला आता दीड महिना होईल. त्या बाईंवरचा माझा राग अजून गेलेला नाही, आणि खरं सांगायचं तर आक्कावरचाही गेलेला नाही.

आक्का माझी नात्यातली कुणी नव्हती. आम्ही लातूरकडचे, नवरा चाकणला कंपनीत, शिफ्टप्रमाणे झोपणारा आणि जेवणारा. मोशीत फ्लॅट घेतला तेव्हा कळलं की आमची बिल्डिंग ज्या शेतात उभी आहे ते शेत खालच्या मजल्यावरच्या आक्कांचं होतं. पहिल्याच दिवशी ती वर आली, घरभर फिरली आणि म्हणाली, "तुझ्या ओट्याखाली आमचा मेथीचा वाफा व्हता." तेव्हा मला तो टोमणा वाटला. पुढे लक्षात आलं की ती प्रत्येक नव्या बिऱ्हाडाला त्याच्या खालचं पीक सांगून येते. कुणाच्या हॉलखाली कांदा, कुणाच्या बेडरूमखाली शेवंती. तिच्या दृष्टीने ती ओळख करून देणं होतं, माणसाची जमिनीशी.

तिच्या घरात तीन लोखंडी कपाटं होती आणि तिन्ही साड्यांनी फुगलेली. जुन्या गावातली घरं म्हणजे लग्नसराईत आहेरांचा पूर. जिच्या-तिच्या लग्नात मानाची साडी मिळते, ती नेसायची नसते, पुढच्या लग्नात दुसऱ्या कुणाला द्यायची असते. फक्त जिनं दिली तिच्याच घरी परत जायला नको, नाहीतर सात पिढ्यांचं हसू. म्हणून आक्का प्रत्येक साडीच्या घडीत जुन्या कॅलेंडरच्या कागदाची चिठ्ठी सरकवून ठेवायची, कुणी दिली, कुठल्या कार्यात. टाचणी लावायची नाही, टाचणीचा गंज कापडाला लागतो. सातवी शिकलेल्या बाईचं ते ठळक, उभं अक्षर. मी भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये सहा वर्षं पार्ट तपासायचं काम केलेलं, मुलगी झाल्यावर ते सुटलेलं, रिकामं डोकं घेऊन मी त्या कपाटांकडे बघायचे आणि मला राहवायचं नाही. एक दिवस म्हणाले, आक्का, ह्या आपण ऑनलाइन विकू. ती असं बघायला लागली जणू मी देव्हाऱ्यातले देव विकायला काढले. आहेर विकतात का, लोक तोंडात शेण घालतील, वगैरे वगैरे. आठ दिवसांनी तीच म्हणाली, "नवीकोरी कापडं घडीवरच इरतायत गं. कुणी नेसंल तरी."

असा आमचा धंदा सुरू झाला, तिच्या हॉलमध्ये, दोघींचा. बातमी फुटल्यावर आजूबाजूच्या गावांतल्या बायका दुपारी भाजीची पिशवी घेऊन यायला लागल्या. वर कोथिंबिरीची जुडी, खाली चार साड्या. कुणाला सांगू नका हं. सगळ्या जणी एकमेकींपासून लपवत होत्या आणि सगळ्या जणी आमच्याच ग्रुपमध्ये होत्या. फोटो मी काढायचे, कारण आक्काला ते कधीच जमलं नाही. तिच्या प्रत्येक फोटोत साडीपेक्षा तिचा अंगठा मोठा यायचा. तिचं काम बोलण्याचं. माझ्या फोटोखाली ती आवाज पाठवायची, "बायांनो, ह्यो रंग फोटूत हाय तसा न्हाई, जरा मळकट हाय. पदराला काठ उसवलाय. घ्यायची तर घ्या." मी कपाळावर हात मारायचे. मी उजेड साधून, गॅलरीत उलटीपालटी होऊन फोटो काढायचा आणि हिनं त्याच्यावर पाणी ओतायचं. भांडणं व्हायची आमची. तरी लोक तिचा आवाज ऐकूनच घ्यायचे हे मला कळत होतं, आणि त्याचाही राग यायचा.

धंद्याचा त्रास सांगायला बसले तर लेख पुरणार नाही. 'प्राइस प्लीज' लिहून गायब होणाऱ्या, 'फायनल किती' विचारून पुन्हा आठवड्याने तेच विचारणाऱ्या, पार्सल दारात आल्यावर घरात कुणी नाही म्हणून परत पाठवणाऱ्या. हळदीचा डाग घेऊन परत आलेली साडी मी कॅमेऱ्यासमोर धरायचे आणि आक्का म्हणायची, जाऊ दे, तिच्या घरचं कार्य तर झालं. 'जाऊ दे' हा त्या बाईचा पालुपदासारखा शब्द होता. तिच्या दोनच गोष्टी जाऊ द्यायच्या नसत. एक म्हणजे चिठ्ठ्या. साडी पाकिटात जाण्याआधी घडीतली चिठ्ठी तीच स्वतःच्या हातानं काढायची आणि श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात टाकायची. साडी विकायची, माणूस विकायचं नाही, असं तिचं म्हणणं. आणि दुसरी गोष्ट तिसरं कपाट. पहिली दोन विकायची, तिसरं तिचं. त्याचं बिजागर वाकलेलं असल्यामुळे दार कधी पूर्ण लागायचं नाही, पण त्याला हात लावायचा नाही.

मी हात लावला नव्हता. हे मी अजूनही स्वतःला सांगत असते. मागच्या श्रावणात चार दिवस सरळ ऊन पडलं म्हणून आक्कानं तिसऱ्या कपाटातल्या साड्या गॅलरीत वाळवणासारख्या मांडल्या आणि ती तात्यांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, डोळ्याच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. मी माझ्या नेहमीच्या घाईत होते, कुठल्या कपाटातल्या ते बघितलंच नाही. पाच-सहा साड्यांचे फोटो काढले, ग्रुपवर टाकले, त्यातली एक डाळिंबी लगेच गेली, एका बाहेरगावच्या बाईंनी मागितली. तेवढ्यात पार्सल न्यायला माणूस आला म्हणून ती बांधून देऊनही टाकली. चिठ्ठीसकट. फोटोत ती चिठ्ठी घडीतून दोन बोटं बाहेर आलेली होती आणि आक्काचं अक्षर चष्म्याशिवाय वाचता येत होतं. 'दादा-वहिनी. बाळूच्या लग्नात.'

दादा म्हणजे आक्काचा एकुलता एक भाऊ, चाकणच्या जरा पलीकडे राहणारा. बाळू तिचा मुलगा. भाच्याच्या लग्नात मामानं बहिणीला केलेला मानाचा आहेर, आणि तो मी विकायला काढलेला. वहिनी आमच्या ग्रुपमध्ये होत्या. स्वतःच्या मावसजावेनं दिलेली साडी त्यांनी आमच्याकडूनच विकली होती, पण ते वेगळं आणि हे वेगळं. फोटोखाली त्यांनी एकच शब्द लिहिला, 'छान'. आणि ग्रुप सोडला.

आक्का परत आल्यावर मी सगळं सांगितलं. ती चप्पलसुद्धा न काढता सोफ्यावर बसली. गेली का, एवढंच विचारलं. गेली, म्हणाले. मी तेव्हाच वहिनींना फोन लावायला निघाले होते, चूक माझी होती, मी पाय धरायला तयार होते. तिनं माझ्या हातातून फोन काढून घेतला.

"तू तिला काय बी सांगायचं न्हाई. तुझं नाव निघालं की ती म्हणंल, माझ्या हातचा आहेर हिनं परक्याच्या हातात दिलाच कसा? ते तिला जास्त लागंल. माझ्यावं ऱ्हाऊ दे."

परक्याच्या. चार वर्षं एका ताटात खाऊन मी परकीच, हे मला त्या दिवशी इतकं झोंबलं की तिच्या बोलण्यातली दुसरी बाजू मला दिसलीच नाही. मी वचन दिलं, रागारागातच दिलं. आणि मग त्या साडीच्या मागे लागले. त्या बाहेरगावच्या बाईंना मेसेज केले, फोन केले, हवी ती दुसरी साडी नेऊन देते म्हणाले. त्यांना वाटलं मी फसवतेय. शेवटी त्यांनी सांगून टाकलं की ती साडी त्यांनी नणंदेच्या घरच्या लग्नात आहेर म्हणून दिलीसुद्धा. आता कुणाकुणाच्या दारात हिंडायचं?

दादा आला नाही. गणपतीला नाही, दसऱ्याला नाही. भाऊबीजेला आक्कानं सकाळपासून पुरण घातलं, दारात रांगोळी काढली, ताट तयार ठेवलं. मोशीहून चाकण आहे केवढं? माझा नवरा रोज जातो आणि येतो, ट्रॅफिकला शिव्या देत, पण येतो ना! संध्याकाळी मी वाटी परत द्यायला खाली गेले तर आक्का गॅलरीत ताट घेऊन उभी होती आणि समोरच्या टॉवरच्या कडेला आलेल्या चंद्राला ओवाळत होती. ज्यांना भाऊ नसतो त्या बायका चंद्राला ओवाळतात. भाऊ चाकणला जिवंत, धडधाकट, आणि ही चंद्राला... मी तिथेच ओरडले तिच्यावर. म्हणाले, मला बोलू द्या नाहीतर तुम्ही बोला, तोंड शिवून काय बसलात? तिनं ताट खाली ठेवलं, माझ्या हातावर पुरणपोळी ठेवली आणि म्हणाली, जाऊ दे. वचन मोडून मी दुसऱ्या दिवशी चाकणची बस धरायला हवी होती. मी धरली नाही.

आणि मग तो दिवस. आमच्याकडे बाईच्या अंगावर शेवटची साडी माहेरची पडते, त्याशिवाय तिला उचलत नाहीत. तात्या भिंतीशी बसलेले, बिल्डिंगखाली सगळी मोशी लोटलेली, आणि सगळे दादाची वाट बघत. दादा चाकणच्या चौकात अडकलेला. दीड तास. आक्कानं आयुष्यभर वाट बघितली ती बघितली, मेल्यावरही बघायला लावली तिला त्या रस्त्यानं. शेवटी दोघं पोचली, वहिनींनी पिशवीतून हिरवी साडी काढली, घाईघाईत रस्त्यातल्या दुकानातून घेतलेली. दुकानाचा स्टिकर पदराला तसाच होता. मी वाकून तो नखानं काढला. तेवढंच माझ्या हातून झालं.

तेराव्याला मी वचन मोडलं. आतल्या खोलीत वहिनी एकट्या बसल्या होत्या. म्हणाले, वहिनी, तो फोटो मी टाकला होता, साडीही मीच दिली. आक्का घरात नव्हती. मला वाटलं त्या उठून मला मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"म्हाईत हाय मला," त्या म्हणाल्या. "फोटूत अंगठा नव्हता."

मी त्यांच्यासमोर खाली बसले.

"तिनं एकदा म्हणायचं व्हतं, माझ्या हातनं झालं न्हाई म्हणून. मी वाट बघत व्हते. एक फोन करायचा व्हता तिनं."

एक हिचा फोन येईल म्हणून बसलेली, एक तिची पायधूळ लागेल म्हणून बसलेली, आणि मधे मी, तोंडाला कुलूप लावून. मला तिघींचाही इतका संताप आला की मी तिथून उठलेच. बाहेर कुणीतरी म्हणालं, पाहुण्यांना बसायला चादरी काढ. चादरी तिसऱ्या कपाटात खाली होत्या. दार ओढलं तर वरच्या कप्प्यात, सगळ्यांच्या पुढे, एक साडी होती. अंजिरी. आहेरातली नव्हे, नवी विकत आणलेली, मला न सांगता आणलेली. घडीत चिठ्ठी होती. जुन्या कॅलेंडरचा कागद, तेच ठळक, उभं अक्षर.

'वहिनी आली की. घडी तिनं मोडायची.'

नवी साडी स्वतः नेसायच्या आधी जिच्यावर जीव असेल तिला पहिल्यांदा नेसायला द्यायची, ही आमच्याकडची रीत. आक्कानं स्वतःसाठी घेतली होती ती, आणि पहिला मान ठेवला होता वहिनींचा. माफी नाही, खुलासा नाही. तिला ते यायचंच नाही. तिला यायची ती फक्त साडीची भाषा, आणि तीसुद्धा कपाटात ठेवून दिलेली. मी साडी तशीच नेऊन वहिनींच्या मांडीवर ठेवली. त्यांनी चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. मग घडी जराही न हलवता, चिठ्ठी होती तिथेच सरकवून, साडी माझ्या हातात परत दिली.

"आता कुठल्या तोंडानं नेसू? ठेव तिच्या कपाटात."

मी ठेवली. धंदा चालू आहे, बाळू म्हणाला हॉल वापरा, आईला बरं वाटेल. आवाज पाठवायला आता कुणी नाही, म्हणून मीच लिहिते, रंग जरा मळकट आहे, काठ उसवलाय, घ्यायची तर घ्या. चिठ्ठ्या काढून श्रीखंडाच्या डब्यात टाकते. फोटोसाठी साडी दुसऱ्या कपाटाच्या मुठीला अडकवते आणि शेजारच्या तिसऱ्याचं दार लागत नसल्यामुळे प्रत्येक फोटोत मागे ती अंजिरी थोडीशी दिसतेच. आणि प्रत्येक वेळी कुणीतरी विचारतंच, ताई, ती मागची अंजिरी फायनल किती?

पूर्वी असल्या प्रश्नाला मी चिडून काहीतरी लिहिलं असतं. आता एवढंच लिहिते, ती दिलेली आहे.