बुजगावण्याच्या जागी मी

मी तिसरी पास आहे. दाखला कुठं आहे ते विचारू नका, पण पास आहे. त्यानंतर पन्नास वर्षं हातात थापी धरली. हे शहर औरंगाबाद होतं तेव्हापासून ते संभाजीनगर झालं तोवर, माझ्या गिलाव्याच्या भिंती चारी बाजूला उभ्या आहेत. कुणीही जाऊन ओळंबा लावून बघावा. म्हणून बीड बायपासच्या साईटवर मला जेव्हा सांगितलं की पहिल्या मजल्याच्या वर चढायचं तर परीक्षा द्यावी लागेल, तेव्हा मी नाही म्हणलं. एकदा नाही, तीनदा.

सांगणाऱ्या होत्या सेफ्टीच्या मॅडम. वयानं माझ्या नातीएवढ्या, पण आवाज मोजकाच काढायच्या आणि काढला की दोन मजले ऐकू जायचा. त्यांचा नियम असा, की ज्याला वर काम करायचं त्याच्या गळ्यात उंचीचा पास पाहिजे. पासासाठी पाच प्रश्न तोंडी. पाचही बरोबर आले पाहिजेत.

“बाबा, पाचच प्रश्न आहेत,” त्या म्हणाल्या.

“बाई, पन्नास वर्षांत मी पडलो नाही. हे सहावं उत्तर आहे, ते आधी लिहून घ्या.”

पास नाही म्हणून ठेकेदारानं मला खाली रेती चाळायला बसवलं. माझ्या हाताखाली शिकलेली माणसं चौथ्या मजल्यावर बाहेरचा गिलावा करत होती आणि मी चाळणीपाशी. तिथून मला त्यांची वाकडी ओळ दिसायची. मी खालून ओरडून सांगायचो, तर ते वरून हात हलवायचे, जणू मी निरोप घेतोय. असा अपमान माझ्या सासऱ्यानंसुद्धा केला नव्हता. मला तो पास पाहिजे होता. पण परीक्षा न देता पाहिजे होता.

मला सुरक्षा कळत नाही असं कुणी समजू नये. आमच्या काळात वर जायच्या आधी परांचीच्या बांबूवर तळहात मारायचा. बद्द आवाज आला की बांबू बदलायचा. उपाशी चढायचं नाही. घरून भांडून आलेल्या माणसाला त्या दिवशी जमिनीवरचं काम द्यायचं, कारण त्याचं ध्यान पायाखाली नसतं. हे सगळं मी मॅडमला सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं, भांडणाचं तर दोनदा विचारून लिहिलं. पास दिला नाही.

मग सुरक्षा सप्ताह आला. मॅडमनं एक माणूस तयार करवून घेतला. माणूस म्हणजे जुन्या कपड्यांत रेती आणि भुसा भरलेला, माझ्याच वजनाचा. त्याला हेल्मेट, बूट, चकाकणारं जाकीट आणि अंगभर पट्टा. बेत असा होता, की शेवटच्या दिवशी कंपनीचे मोठे साहेब पाहुणे म्हणून येतील, त्यांच्यासमोर या माणसाला पहिल्या मजल्याच्या स्लॅबवरून ढकलायचं आणि पट्टा त्याला कसा धरतो ते सगळ्यांना दाखवायचं. तोवर आठ दिवस तो स्लॅबच्या कडेला, रस्त्याकडं तोंड करून उभा राहणार होता.

आता नव्या इमारतीवर, रस्त्याकडं तोंड करून, भुसा भरलेला माणूस उभा केला तर तो काय असतो हे आपल्याकडं लहान पोरालाही कळतं. दृष्ट लागू नये म्हणून आपण काळी बाहुली टांगतो, बुजगावणं उभं करतो. दुसऱ्याच दिवशी घमेली वाहणाऱ्या बायांनी त्याच्या गळ्यात लिंबू-मिरची बांधली. तिसऱ्या दिवशी हेल्मेटला कुंकू लागलं. मॅडमला वाटलं, लोकांना सुरक्षेची गोडी लागली. त्यांनी फोटो काढला आणि वर पाठवला.

शेवटचा दिवस उजाडला. खाली मांडव, मांडवात टेबल, टेबलावर पांढरी चादर, शाल, नारळ आणि समोशांच्या बशा. पाहुणे साहेब बसले. तिसऱ्या मजल्याच्या तुळईला बांधलेला दोर पहिल्या मजल्यावर लोंबत होता, त्याच्या टोकाला हूक. कडेचा कठडा तेवढ्यापुरता काढला होता. मॅडम हूक घेऊन बुजगावण्याकडं गेल्या, तर त्याच्यासमोर बाया ओळीनं उभ्या.

“ह्याला ढकलायचं नाय,” त्यातली सगळ्यात वयस्क बाई म्हणाली.

“अहो मावशी, तो त्यासाठीच बनवलाय.”

“ह्यो आला तवापासनं कुणाच्या पायात खिळा गेला नाय. कुणाच्या डोक्यात वीट पडली नाय. इमारतीच्या राखण्यालाच खाली लोटलं तर इमारत कुणाच्या भरवशावर उभी राहायची?”

“मावशी, खिळा गेला नाही कारण आपण खिळे उचलले. आठवड्याभर सगळे उचलत होतो.”

“व्हय, पण उचलायची बुद्धी कुणी दिली?”

मॅडमनं हातातला हूक सोडून दिला आणि दोन्ही हात जोडले. ठेकेदार खालून म्हणाला, “बाया, साहेबांना जायची घाई आहे.” बाया म्हणाल्या, मग साहेबांना ढकला. साहेबांनी समोसा बशीत परत ठेवला.

मी तिथंच स्लॅबवर होतो, कारण पहिल्या मजल्यापर्यंत मला परवानगी होती. दुसरा एक पट्टा नमुन्यासाठी आणून ठेवलेला होता. मॅडम बायांना समजावत होत्या, खाली ठेकेदार घड्याळ बघत होता, आणि माझ्या मनात आलं, भुशाच्या माणसाचं एवढं कौतुक, मग खऱ्या मिस्त्रीनं करून दाखवलं तर पास मागायचीही गरज राहणार नाही. पट्टा कसा घालायचा हे मला तीन आठवडे चाळणीपाशी बसून पाठ झालं होतं. खांद्याचे पट्टे घातले, मांडीचे दोन्ही आवळले, छातीचा लावला. मॅडमनं सोडलेला हूक हात मागं नेऊन पाठीला अडकवला. कडेवर बसलो आणि मॅडमनं “बाबा, नाही” म्हणायच्या आत खाली सरकलो.

पट्ट्यानं मला धरलं. हे कबूल करावं लागेल. खालून टाळ्या पडल्या. साहेबही उभे राहिले. माझे पाय जमिनीपासून माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर होते, आणि मी दोन्ही हात जोडून नमस्कार केला.

टाळ्या संपल्या. त्यानंतर काय, हे कुणी ठरवलं नव्हतं. भुशाच्या माणसाला संध्याकाळी दोर कापून पाडायचं होतं. मला कापून पाडायचं नव्हतं.

“शिडी आणा,” मॅडम धावत खाली येत ओरडल्या.

ठेकेदार म्हणाला, “मॅडम, शिडीची पायरी हालते म्हणून सकाळी तुम्हीच लाल चिठ्ठी लावून स्टोअरात कुलूपबंद करायला सांगितली.”

“दुसरी?”

“दुसरीला पण.”

“चावी?”

“स्टोअरकीपरकडं. तो दौलताबादला साडूकडं गेलाय. सुरक्षा सप्ताहात काम कमी म्हणून सुट्टी दिली.”

वरून चार माणसांनी दोर ओढून पाहिला. मी वीतभर वर गेलो आणि वीतभर खाली आलो. पट्टा जांघेत रुतायला लागला होता.

“बाबा, पाय हलवा,” मॅडम माझ्या खाली उभ्या राहून म्हणाल्या. “सायकल चालवल्यासारखे. थांबवू नका. असं लटकून राहिलं की रक्त पायात उतरतं, माणूस बेशुद्ध पडतो.”

मी पाय हलवले नाहीत. खाली शंभर माणसं, समोर पाहुणे, आणि मिस्त्री हवेत सायकल चालवतोय? मी ताठ लटकलो.

सेंट्रिंगवाला चाचा माझ्याबरोबर तीस वर्षं आहे. तो खालून म्हणाला, “मिस्त्री, पाँव हिला ना रे. घोड़े पे बैठे सो नवरदेव के सरीका कायकू अकड़ रा?”

“तू गप. पन्नास वर्षांत मी पडलो नाही.”

“हौ? और सोयगाँव में?”

“ते पडणं नव्हतं. उतरणं होतं, घाईत.”

लोक हसले, पण मला हसू आलं नाही, कारण पायांना मुंग्या आल्या होत्या आणि मांडवाची चादर हिरवी दिसत होती. मॅडमनं माझ्या तोंडाकडं नीट बघितलं. मग ठेकेदाराला म्हणाल्या, “टेबल आणा. बाबा, तोवर आपण परीक्षा घेऊ.”

“परीक्षा मी देणार नाही.”

“येत नसेल तर राहू द्या.”

हे त्यांनी मुद्दाम म्हणलं, मला कळलं, तरी मला राग आला. “विचारा,” म्हणलं.

“एका उत्तराला दहा वेळा पाय हलवायचे. पहिला. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली का लावायचा?”

“पडताना डोकं आणि हेल्मेट दोन दिशांना जाऊ नये म्हणून.” मी पाय मारले. चाचानं मोजले, “आठ, नौ, दस.”

“दुसरा. पट्ट्याचा हूक कुठं अडकवायचा?”

“डोक्याच्या वर, पक्क्या तुळईला. परांचीच्या पाईपला नाही, ती स्वतःच पडायची असते.”

तिसरा कठड्याचा होता, चौथा वरून सामान फेकण्याचा. दोन्ही बरोबर. इकडं टेबल जागचं हलत नव्हतं. ठेकेदार म्हणत होता, साहेबांचा सत्कार व्हायचाय, शाल कुठं ठेवू. साहेब बशी हातात धरून उभे होते, त्यांना कुणी दुसरी जागा दाखवत नव्हतं.

“पाचवा,” मॅडम म्हणाल्या. “एखादा माणूस असा पट्ट्यात लटकला, तर आधी काय करायचं?”

मी विचार केला. माझा घसा कोरडा पडला होता. “आधी त्याला पाणी पाजायचं,” म्हणलं.

मॅडम मांडवात गेल्या, चादरीची दोन टोकं धरून शाल, नारळ, समोसे असं सगळं गाठोडं साहेबांच्या हातात दिलं आणि चाचाच्या मदतीनं टेबल ओढत आणलं. स्वतः वर चढल्या. टेबलावर साहेबांची खुर्ची ठेवून माझे पाय तिच्यावर टेकवले, चाचानं कमरेला उचलून धरलं, हूक मोकळा झाला. मी बसलो. बराच वेळ पाय माझे वाटत नव्हते. मॅडमनं मला डॉक्टरकडं पाठवलं, ते दोन तास बसवून ठेवून परत पाठवतो म्हणाले आणि तसंच केलं.

दुसऱ्या दिवशी मी पास घ्यायला गेलो.

“चार बरोबर,” मॅडम म्हणाल्या. “पाचवा चुकला. नापास.”

“बाई, मी तेव्हा लटकलेलो होतो.”

“म्हणून तर तो तुम्हाला यायला पाहिजे होता. आणि विनापास उडी मारल्याबद्दल आठवडाभर पुन्हा परीक्षाही नाही.”

मी मग एकच विचारलं. “त्या वेळी पाचवा तुम्हाला तरी येत होता का? शिडी कुलपात होती.”

मॅडमचा चेहरा उतरला. मला वाटलं होतं बरं वाटेल, पण वाटलं नाही. त्या हळू म्हणाल्या, “नव्हता येत, बाबा. मी पट्ट्याचा विचार केला होता, उतरवायचा केला नव्हता.” आणि तेही त्यांनी वहीत लिहिलं, स्वतःच्या नावापुढं.

आठवडाभर मी रेती चाळली. बुजगावणं वर उभंच राहिलं, त्याला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. सोमवारी मी इतर सगळ्यांबरोबर सतरंजीवर बसलो आणि पाचवा प्रश्न आला तेव्हा उभं राहून सांगितलं, की लटकल्यावर नाही, चढायच्या आधीच ठरवायचं, कोण उतरवणार आणि कशानं. आणि लटकलाच तर उतरेपर्यंत त्यानं पाय हलवत राहायचं, लाज बाजूला ठेवून. शेवटचे शब्द पुस्तकात नाहीत असं मॅडम म्हणाल्या, पण मार्क दिला.

पास गळ्यात घालून मी चौथ्या मजल्यावर गेलो. आधी ती वाकडी ओळ बघून घेतली. लांबून दिसायची त्याहून वाकडी होती. डोक्यावरच्या तुळईला हूक लावला, परांचीवर पाय ठेवायच्या आधी खाली वाकलो आणि विचारलं, “मला कोण उतरवणार?”

खाली तिसऱ्या मजल्यावर चाचा शिडीला टेकून चहा घेत होता. “मैं हूँ,” तो म्हणाला, “लेकिन पैले चाय तो पीने दे.”

मी कठड्याच्या आत थापी मांडीवर घेऊन बसलो आणि त्याचा चहा संपेपर्यंत थांबलो. तो मुद्दाम फुंकून फुंकून पीत होता.