फोटोत उभा केलेला तविता

आमच्या आपिया या बेटावरच्या शहरात बाजारामागे फुआतिनोचं फोटोंचं दुकान आहे. लग्नाच्या फोटोतले मुरुम ती कॉम्प्युटरवर सहज पुसते, पण नसलेला माणूस तिने कधी फोटोत घातला नव्हता.

लुपेमावशी नवऱ्याच्या दफनाच्या दिवशीचा फोटो घेऊन आल्या. त्यांचा थोरला मुलगा तविता ऑकलंडहून आलाच नव्हता.

"पोरी, त्याला माझ्या बाजूला उभा कर."

फुआतिनोला नाही म्हणवलं नाही.

रविवारी चर्चबाहेर मावशींनी तो फोटो सगळ्यांना दाखवला. आठवड्याभरात फुआतिनोला तविताचा फोन आला.

"लोक म्हणतात, बरं झालं आलास! काढ मला त्यातून. लाज वाटते मला."

फुआतिनोचं कामात लक्ष लागेना. शेवटी ती मूळ फोटो घेऊन मावशींकडे गेली आणि तिने सगळं सांगून टाकलं. मावशींनी फोटोकडे पाहिलंही नाही.

"लाज वाटते म्हणाला?"

"हो."

"मग राहू दे तसाच. त्या लाजेनं तरी येईल."

डिसेंबरात तविता खरंच आला. पण विमानतळावरून तो थेट दुकानात आला आणि तासभर तिथेच येरझारा घालत राहिला. "आई काय म्हणेल गं?" एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होता.