हायड्रोजन फ्लोराइड परमनंट कसा?

अकरावी सायन्सच्या पोरांना ‘स्टेबल’ म्हणजे काय हे शिकवताना माझी जेवढी दमछाक झाली, तेवढी माझ्या लग्नात माझ्या वडिलांचीसुद्धा झाली नसेल. पुस्तक इंग्रजी, निम्मा वर्ग अहिराणी बोलणारा, आणि मी एरंडोलची, दोन्हींच्या अधेमधे. ‘स्थिर’ म्हटलं की पोरं न हलता बसून दाखवायची. शेवटी वैतागून मी म्हटलं, अरे बाबांनो, स्थिर म्हणजे परमनंट आणि अस्थिर म्हणजे टेम्परवारी. झालं! वर्गाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हे दोन शब्द कळत नाहीत असं घर आमच्या खान्देशात शोधून सापडायचं नाही. मुलगी द्यायची म्हटली तरी मुलाबद्दल पहिली चौकशी तीच.

आता मी स्वतः टेम्परवारी होते ही गंमत पोरांनाही ठाऊक होती. नव्वदच्या आसपासची ही गोष्ट. धुळ्याला देवपुरातल्या एका ज्युनिअर कॉलेजात मला दर जूनला नेमणूक मिळायची आणि उन्हाळा लागला की ती संपायची. त्या वर्षी रसायनशास्त्राची जागा कायमची भरणार होते. ती मिळाली तर ठीक, नाही तर घरच्यांनी सांगूनच ठेवलं होतं, पुरे झाली ही धावपळ, घरी बस आणि शिकवण्या घे. मला नको होत्या शिकवण्या. मला भिंतभर फळा हवा होता आणि समोर गच्च भरलेला वर्ग. त्या वर्गावर माझा जीव होता, सरळ सांगते.

जागा कुणाला द्यायची हे संस्थेचे अध्यक्ष ठरवणार होते. सगळे त्यांना आबा म्हणत. धोतर, टोपी, घरी कापसाची शेती, आणि बोलणं कुठेही गेले तरी अहिराणीच. मुलाखतीवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. ते सरळ वर्गात यायचे, मागच्या बाकावर बसायचे आणि तास ऐकायचे. त्या दिवशी ते प्राचार्यांना घेऊन माझ्याच तासाला येऊन बसले.

फळ्यावर मी चार भावंडं मांडली होती, हायड्रोजनचे फ्लोराइड, क्लोराइड, ब्रोमाइड आणि आयोडाइड. प्रत्येकापुढे त्याची बंध-ऊर्जा. विचारलं, यात जास्त स्थिर कोण? अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला, फ्लोराइड परमनंट. उत्तर अगदी बरोबर. प्राचार्य खुशीत आले. मी तिथेच थांबले असते तर काम फत्ते होतं. पण मला कुठली सवय गप्प बसायची! मी विचारलं, का?

पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली. तिचे वडील दीपनगरच्या कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्रात होते आणि ती शिकायला देवपुरात मामाकडे राहत होती. ती ठणकावून म्हणाली, त्याच्यात सगळ्यात जास्त ऊर्जा आहे ना मॅडम, म्हणून. आमच्या दीपनगरला बघा, एवढी पॉवर तिथे, म्हणून तर पप्पा आणि त्यांच्याबरोबरचे सगळे परमनंट आहेत.

वर्गाला हे शंभर टक्के पटलं. माना डोलल्या. मी कपाळावर हात मारायचीच बाकी होते. तेवढ्यात मागून आबांनी विचारलं, “मॅडम, पोर म्हनी ऱ्हायनी ते खरं शे का?”

हो म्हटलं असतं तर कुणाला काय कळणार होतं? प्राचार्य मला डोळ्यांनी खुणावतही होते, की द्या सोडून. पण चुकीचं रसायनशास्त्र ऐकलं की माझं डोकं फिरतं, ते तेव्हाही फिरलं.

“नाही आबा,” मी म्हटलं. “उत्तर बरोबर आहे, पण कारण साफ उलटं आहे.”

मग मी सुटलेच. बंध-ऊर्जा म्हणजे त्याच्यात भरून ठेवलेली ऊर्जा नव्हे रे. जोडी तोडायची तर बाहेरून जी ओतावी लागते ती. जोडी जमताना फ्लोराइडने ती केव्हाच देऊन टाकली. जो जास्त देऊन मोकळा झाला, तो जास्त स्थिर. त्या मुलीला विचारलं, तुमच्याकडे कोळसा जळतो तेव्हा काय होतं? ती म्हणाली, उष्णता निघते आणि कार्बन डायऑक्साइड होतो. मग त्या वायूला काडी लावली तर? ती विचारात पडली आणि एकदम हसली. म्हणाली, तो कसला पेटतोय मॅडम, पप्पांच्या सेक्शनला लाल सिलिंडर टांगलेत त्याचे, आग विझवायला. मग सांग, परमनंट कोण, कोळसा की तो? सगळा वर्ग ओरडला, तो! आणि त्या आवाजात मला इतका आनंद झाला की आबा, प्राचार्य, जागा, सगळं विसरले. केसांपासून पदरापर्यंत नुसती खडूची भुकटी.

आबा उठून फळ्यापाशी आले. माझा अवतार बघून त्यांना हसू आवरेना. “बठ्ठी ऊर्जा दी टाकी तुम्ही,” ते म्हणाले, म्हणजे होती नव्हती ती सगळी. “मंग आते तुम्हीबी परमनंट.”

पोरांनी बाकं बडवली. मी वर्गासमोर, हातात खडू धरून, हसता हसता रडले. लाजबिज काही वाटली नाही. दाराशी गेलेले आबा गलका थांबेपर्यंत उभे राहिले, आणि मग वळून, या वेळी अजिबात न हसता म्हणाले,

“पन मॅडम, परमनंट व्हयनात म्हनीसन थंड पडू नका.”

परमनंट झाले म्हणून थंड कशी पडणार? तास संपायला अजून वेळ होता आणि आयोडाइड शिकवायचा राहिला होता. मी डोळे पुसले आणि तो शिकवायला घेतला.