मामांच्या गाण्यात नाव

आमच्या प्रकाशा गावच्या मामांसारखा गोड गळा आणि त्या गळ्याला एवढी घाबरणारी माणसं अख्ख्या तापीकाठावर शोधून सापडायची नाहीत. मामा म्हणजे आईचे मावसभाऊ. शेती नावाला, खरा धंदा गाणी रचायचा. मोट हाकताना रचायचे, आणि कडवं जमेना की भरलेली मोट अर्ध्या विहिरीत लोंबकळत ठेवून बैलांचं मत विचारायचे. तोवर तिकडे मिरच्या वाळायच्या. मिरच्या वाळल्या तरी चालतील, गाणं वाळता कामा नये, हे त्यांचं शेतीशास्त्र!

आमच्याकडे हळदीच्या गाण्यात सगळ्या सोयऱ्यांची नावं यावीच लागतात. एखाद्या आत्याचं राहिलं की मांडवात रुसवा. धानोऱ्याच्या एका लग्नात मामांनी नवरदेवाच्या आजोबांचं नाव अशा चालीत घेतलं की म्हातारा उठून नाचला, आणि अंगणातली हळद सुकायच्या आत गेला. तो आधीच पिकलं पान होता, हे कोण लक्षात घेतो? मग कोरीटच्या पाटलाची घोडी गाण्यात आली, ती सकाळी दावणीला थंड. मग एक धडधाकट विहीणबाई. ती मी डोळ्यांनी पाहिली. मामांनी तिचं नाव घेतलं, समोरच्या पंगतीत तिच्या हातातला घास ताटात पडला आणि बाई तशीच हसत बसून राहिली. वाढपी तिला बराच वेळ आग्रह करत होता.

तेव्हापासून मामांचं नाव झालं आणि आमंत्रणं अटींसकट येऊ लागली. गाणं हवं, पण नावं नकोत. ते चाल धरू लागले की आया पोरांचे कान झाकत. एक सून मात्र खापरावरचे मांडे घेऊन आली आणि सासूचं नाव घाला म्हणून बसली. मामांनी मांडे चापले, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "माय, सासू जाई, मंग तू कोनसंगे भांडशी?" नंदुरबारचा एक शेठ त्यांना तबकडी भरायला मुंबईला नेणार होता. मामा नाही म्हणाले. तबकडी रोज वाजणार, मग त्यातल्या माणसानं रोज मरायचं का, हा त्यांचा सवाल. शेठ आल्या गाडीनं परत गेला.

या सगळ्यात मामीची एकच हौस होती. आपलं नाव गाण्यात यावं. मूलबाळ नाही, त्यामुळे अमक्याची माय म्हणूनही कुणी हाक मारायचं नाही. मामा तर जन्मभर तिला "ऐक वं" म्हणत. ती मागायची, ते विषय बदलायचे. लोक भितात म्हणून हसणारे मामा घरात मात्र स्वतःच भीत होते.

शेवटी मामीनं अंथरूण धरलं. वैद्यानं हात टेकले. मी भेटायला गेलो त्या दुपारी ती मामांना म्हणाली, "सारा गावनं नाव लिधं. मन्हं काबरं नही?" माझंच का नाही, एवढंच तिचं विचारणं होतं.

मामा तिच्या पायाशी बसले. मग त्यांनी गाणं धरलं.

"केसर चालनी पानीले, तापी माय उभी ऱ्हायनी."

केसर. मला तोवर मामीचं नाव माहीत नव्हतं, लाज वाटते सांगायला. शेजारच्या बाया दारातून मागे सरकल्या. मामी लग्नातल्या नवरीसारखी लाजली, डोळे मिटून ऐकत राहिली, आणि कडवं संपलं तेव्हा ती नव्हती. मामा थांबले नाहीत. पुढच्या कडव्यात त्यांनी स्वतःचं नाव घातलं, मोठ्यानं, आणि तिच्या शेजारी आडवे झाले.

काही झालं नाही. संध्याकाळी त्यांना भूक लागली, याचाच त्यांना फार राग आला.

पुढे ते कितीतरी वर्षं जगले. रोज मोटेवर स्वतःचं नाव गात, आणि धडधाकट राहत. एकदा मला राहवलं नाही. मी म्हणालो, मामा, गाण्यानं कुणी मरत नाही, सगळा योगायोग होता. त्यांनी बैल थांबवले.

"खोटं व्हतं? मंग भाचा, मी जलमभर तिन्हं नाव काबरं नही लिधं?"

मी म्हणालो, नाही मामा, खरंच होतं ते. आजही कुणी विचारलं, तर मी तेच सांगतो.