नक्कलनवीसांची सायकल

"मला घाई नाही हो, सायकलच ऐकत नाही," असं म्हणत ते पुढे निघून जायचे. म्हणायचे तेही मान न वळवता. त्यातला शेवटचा 'नाही' आपल्या कानावर पडेपर्यंत त्यांच्या कोटाची टोकं वाऱ्यावर उडताना दिसायची आणि आपल्या वाट्याला चौल-अलिबाग रस्त्यावरची तांबडी धूळ यायची.

ही एकोणीसशे तीसनंतरच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. चौल, नागाव, आक्षी या गावांतून रोज सायकलने अलिबागेला कामाला जाणारे आम्ही सात-आठ जण होतो. कोणी शाळामास्तर, कोणी दवाखान्यात कंपाउंडर, बाकीचे कारकून. मी कचेरीत नुकताच उमेदवार म्हणून चिकटलो होतो, वय तेवीस. ते कोर्टात नक्कलनवीस, म्हणजे दस्तऐवजांच्या नकला उतरून देणारे, वय पन्नाशीच्या घरातलं. कोर्ट आणि कचेरी एकाच आवारात. तिथे बदामाच्या झाडाखाली आम्ही सायकली लावायचो, आणि झाडाच्या बुंध्याला टेकलेली पहिली सायकल त्यांची असायची. मी लागल्यापासून दुसऱ्या कोणाची तिथे पाहिली नव्हती.

तुम्ही रोज सायकलने कामावर जात असाल तर तुम्हाला हे ठाऊक असेल. रस्त्यावर कोणी कोणाशी शर्यत लावलेली नसते. तरी पुढे एखादी पाठ दिसली की पाय आपसूक जोर धरतात. आणि कोणी आपल्याला मागे टाकलं की आपण लगेच खाली उतरतो, चेन बघतो, धोतर सारखं करतो, जणू थांबायचं आपल्याच मनात होतं. आमचे मास्तर मागे पडले की समुद्राकडे बघायला लागत. कंपाउंडरला हटकून खोकला यायचा. मी चाक दाबून पाहायचो आणि "हवा कमी झालीये" असं स्वतःशीच पण सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायचो.

त्यांना अशा सबबी लागतच नसत. अंगाने काटकुळे, कान बाहेर आलेले, धोतराचा सोगा घोट्याशी काथ्याच्या दोरीने आवळलेला. टोपी वाऱ्याने उडू नये म्हणून ती कोटाच्या खिशात कोंबलेली, त्यामुळे टक्कल लांबून चमकायचं. सायकल जुनी आणि लोखंडाच्या खाटेसारखी जड. मी राहायचो चौलला, ते नागावला, रस्त्यालगतच्या वाडीत. म्हणजे मी नेहमी त्यांच्या मागूनच येणार. त्यांनी आपला लवकर निघून जायला काय हरकत होती? पण नाही. मी वळणावर दिसेपर्यंत ते वाडीच्या बेड्याशी, म्हणजे बांबूच्या फाटकाशी, चाकात हवा भरत उभे असायचे. भरलेल्या चाकातच आणखी भरायचे. मी दिसलो रे दिसलो की पंप आत फेकून टांग मारायचे.

"काका, माझी वाट बघत होता?" मी एकदा विचारलं.

"छे! हवा कमी होती," ते म्हणाले आणि सुटले.

अलिबागच्या बाजाराला निघालेल्या कोळणी डोक्यावर पाट्या घेऊन रस्त्याच्या कडेने चालत असायच्या. त्यांना आमचं सगळं कळत होतं. "अवं बामनांनो, आवऱ्या घाईन कुठं पलताव? कचेरी काय बुडतेय?" असं एक जण ओरडायची आणि बाकीच्या पाट्या सावरत हसायच्या. आम्ही कोणी हसत नव्हतो. हसायला दम कुठे होता?

आणि हाच माणूस कोर्टात बसला की वेगळा. टाक इतका सावकाश चालायचा की नकलेसाठी आलेली माणसं दारात पेंगायची. एक काना इकडचा तिकडे होत नसे. पण टेबलाखाली बघाल तर दोन्ही पाय सारखे हलत असायचे.

एकदा दुपारी बदामाखाली डबा खाताना मी धीर करून विचारलं, "काका, या वयात एवढी दमछाक कशाला करता?"

आधी ते रागावतील असं वाटलं. मग त्यांनी बोटांवरची शाई पाहिली. "अठ्ठावीस वर्षं दुसऱ्याने लिहिलेलं लिहितोय. तो पुढे, माझा टाक मागे. त्याने चूक केली असेल तर तीही तशीच उतरायची. सकाळचा तेवढा एक तास माझ्यापुढे कोणी नसतं." एवढं बोलून त्यांनी डबा बंद केला. "तू काय, तरणा आहेस. तुला पुढे जायला पुष्कळ रस्ते आहेत."

मला तेव्हा ते बोलणं समजलं होतं असं मी म्हणणार नाही. समजलं असतं तर पुढचं घडलं नसतं. माझ्या डोक्यात एकच होतं. या म्हाताऱ्याच्या आधी आपली सायकल त्या बुंध्याला टेकली पाहिजे. रात्री अंथरुणावर पडलो तरी पाय पायडल मारत असायचे.

पौष महिन्यातली सकाळ होती. थंडीने हात आखडले होते. आक्षी ओलांडली की खाडीच्या खाजणातून जाणारा अरुंद भराव लागायचा, दोन्ही बाजूंना चिखल आणि त्यात चिपीची, म्हणजे खारफुटीची, झुडपं. त्या दिवशी मी भरावावर त्यांना गाठलं. पहिल्यांदाच गाठलं. माझं पुढचं चाक त्यांच्या मागच्या चाकाला लागेल इतका जवळ आलो. मी घंटी वाजवली. ते बाजूला होईनात. पुन्हा वाजवली. समोरून पेंढ्याने भरलेली बैलगाडी येत होती, निम्मा रस्ता अडवून. शहाणा माणूस थांबला असता. मी उजवीकडची फट पाहिली आणि घुसलो.

माझं कोपर त्यांच्या हाताला घासलं, एवढं मला आठवतं. मग पेंढा गालाला लागला, बैलाचा श्वास लागला, आणि मी पुढे मोकळ्या रस्त्यावर होतो. मागे काहीतरी चिखलात पडल्याचा आवाज झाला. गाडीवाला ओरडला.

मी ऐकलं. वाचकहो, मी ते स्पष्ट ऐकलं. आणि थांबलो नाही. 'उतरले असतील, काहीतरी सबब काढून उतरले असतील,' असं मनाशी म्हणत मी तसाच अलिबागपर्यंत गेलो. बदामाच्या बुंध्याला सायकल टेकवली. भोवती कोणी नव्हतं. मी तिथे उभा राहिलो, पण जे वाटायला हवं होतं ते वाटेना.

अकराच्या सुमाराला पेंढ्याचा गाडीवाला आवारात आला. "तुमचं म्हातारं दवाखान्यात टाकलंय," तो म्हणाला. "गुडघा पार गेलाय. कुनी पोऱ्या घुसला मधीच. थांबला पन न्हाय." त्याने मला ओळखलं नाही. मी खाली मान घालून लिहीत राहिलो.

दुपारी दवाखान्यात गेलो तेव्हा ते खाटेवर होते. पायाला फळ्या बांधलेल्या, ओठ पांढरे पडलेले. मला पाहून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा:

"किती वाजता पोचलास?"

"काका, मी..."

"किती वाजता?"

"दहाला वीस कमी होती."

त्यांनी मनात हिशेब केला. "वारा अंगावर होता. बरा आलास."

मला रडू फुटलं. मी म्हणालो, "मी शिरस्तेदारांना सांगतो. माझ्यामुळे झालं. मी थांबलोसुद्धा नाही."

हे ऐकल्यावर मात्र ते कोपरावर उठले. दुखण्याने चेहरा पिळवटला, तरी आवाज चढला. "खबरदार! काय सांगणार आहेस? तू मला मागे टाकलंस म्हणून? मी सगळ्यांना सांगितलंय, माझा मी पडलो. चाक घसरलं. गाडीवाला काही बरळतोय, बरळू दे. पडलो हे सांगायला मला लाज नाही. पण मागे पडलो हे गावभर व्हायला नकोय मला. समजलं?"

समजलं. माझी चूक झाकली गेली ती माझ्यावरच्या दयेने नव्हे. म्हणूनच ती आजतागायत मला सोडत नाही. त्यांनी मला माफ केलं असतं तर मी कधीतरी मोकळा झालो असतो.

हाड जुळलं, पण गुडघा वाकेना. पाय काठीसारखा ताठ राहिला. चार महिन्यांनी ते कोर्टात यायला लागले ते बैलगाडीतून. मागच्या बाजूला तोंड करून बसायचे, ताठ पाय बाहेर काढून. सगळ्या सायकली त्यांना मागे टाकून जायच्या आणि प्रत्येकाचा चेहरा त्यांना बघावा लागायचा. गाडीवाल्याला म्हणायचे, "अरे, बैल आहेत का बेडूक?"

"मालक, बैलच हायती. घोडं न्हाईत," तो म्हणायचा.

मी एकदा म्हणालो, "काका, माझ्या कॅरिअरवर बसा. मी नेतो."

"कॅरिअरवर टोपली बसते," ते म्हणाले.

दोन महिन्यांत त्यांनी नोकरी सोडली. काकू मला बेड्याशी थांबवून हळूच म्हणाल्या, "ह्यांना घरात बसवत नाही रे. सुपाऱ्या सोलायला बसतात, चार सोलतात आणि उठतात. येत जा."

मी जात होतो. पण त्याआधी त्यांनीच स्वतःला काम शोधून काढलं होतं. सकाळी खिशातलं घड्याळ हातात धरून ते बेड्याशी स्टूल टाकून बसायचे आणि जाणाऱ्या प्रत्येकाला त्याची वेळ सांगायचे. "मास्तर, कालच्यापेक्षा दोन मिनिटं उशीर! समुद्र कमी बघा!" कंपाउंडरला म्हणायचे, "खोकला घरी काढून येत जा." शेजारच्या गावचा एक टपालवाला तर त्यांच्या धाकाने दुसऱ्या वाटेने जायला लागला.

मी मुद्दाम सावकाश जात होतो. भराव आला की उतरून सायकल हातात धरून चालायचो. त्यांना ते कळलं. एक दिवस त्यांनी काठी आडवी धरून मला अडवलं.

"चालत जातोस म्हणे भरावावरून?"

"आता घाई नकोशी वाटते, काका."

"माझ्या पायाच्या नावावर आळस करू नकोस," ते म्हणाले. "मी बसलोय तो बसलोय. तुम्ही सगळे बसलात तर मी बघायचं काय?"

पुढच्या वर्षी आषाढात ते तापाने गेले. आठ दिवसांचा ताप. रस्त्याला गुडघाभर पाणी होतं, त्यामुळे मला दोन दिवस उशिरा कळलं. त्याबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही. सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं, चैत्रातलं.

रविवार होता. मी काकूंसाठी आदल्या दिवशी अलिबागहून औषध आणलं होतं, ते द्यायला चौलहून निघालो होतो आणि ओहोटी पाहून पुळणीवरून, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवरून, सायकल काढली होती. ओली वाळू पाटासारखी घट्ट झाली होती. नागावच्या सुरूच्या झाडांपाशी आलो तर समोर एक सायकल डुगडुगत चाललेली. एक पाय फळीसारखा बाहेर काढलेला. त्या बाजूचं पायडलच काढून टाकलं होतं. दुसऱ्या पायडलला लोहाराकडून चामड्याचा पट्टा ठोकून घेतला होता आणि त्यात पाऊल अडकवलं होतं. त्या एका पायाने ते पायडल दाबत होते आणि वर ओढत होते. दर फेऱ्याला सायकल एकदा मरायची आणि एकदा जगायची. अंगरखा घामाने पाठीला चिकटला होता. गुडघ्यांना, कोपरांना वाळू लागलेली. त्या सकाळी कितीदा पडले असतील कोण जाणे.

मी वेग कमी केला आणि मागेच राहिलो. दहा-बारा हातांवर. तसे आम्ही बरेच गेलो.

"कोण आहे ते मागे?" त्यांनी न वळता विचारलं.

"मी आहे, काका."

"मग मागे काय करतोस?"

मी अंतर तेवढंच ठेवलं.

"माझ्या मागे राहायला काय मी मेलेला आहे? चल, हो पुढे! जोरात!"

मी जोर लावला. त्यांच्या बाजूने जाताना पुष्कळ जागा सोडली, आणि पुढे झाल्यावर खरोखर जीव खाऊन सायकल मारली. त्यांना कळलं असतं, मी फसवलं असतं तर. आक्षीच्या खाडीच्या तोंडाशी, जिथे पुळण संपते, तिथे जाऊन थांबलो.

लांब पुळणीवर तो लहानसा ठिपका येत होता. थांबत होता, पुन्हा निघत होता. एकदा आडवा झाला. मी धावत जाणार होतो, पण पाय उचलला नाही. ठिपका उभा राहिला. भरती लागली होती. ते माझ्यापर्यंत येईस्तोवर पाणी चाकांना लागायला लागलं. त्यांना बोलता येत नव्हतं. पट्ट्यातून पाऊल मी सोडवलं, तेव्हा त्यांनी नको म्हटलं नाही.

परतताना घट्ट वाळू पाण्याखाली गेली होती आणि वरची भुसभुशीत होती. त्यांची सायकल माझ्या एका हातात, माझी दुसऱ्या हातात, आणि ते माझ्या खांद्यावर हात ठेवून ताठ पाय ओढत चाललेले. ते मला असे कधी टेकले नव्हते. वाडी येईपर्यंत त्यांची बोटं माझ्या खांद्यावर सारखी हलत होती, पुढे चल म्हणावं तशी.